जबाबदार: हे

“अभ्यासक्रम किती आहे?” गुरव सरांनी हात वर करून विचारलं.

डॉ. अमृता लोखंडे गोंधळली. पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून ती आमच्या कराडच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात आली होती. वय फार तर एकोणतीस, पाठीवर दप्तरासारखी बॅग आणि मागच्या पडद्यावर मेंदूचं चित्र.

“कशाचा अभ्यासक्रम, सर?”

“परीक्षेचा. तुम्ही म्हणालात ना, रक्त घेणार आणि स्मरणशक्तीची परीक्षाही घेणार. मग कुठून कुठपर्यंत वाचायचं?”

“काहीच वाचायचं नाही. मी पंधरा शब्द सांगेन. वीस मिनिटांनी तुम्ही ते मला सांगायचे.”

“पंधरा मार्क,” सरांनी वहीत टिपून घेतलं. “पास किती?”

गुरव सर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले त्याला तेव्हा तेरा वर्षं झाली होती, पण त्यांना ते कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मंडळाच्या सहलीतही ते हजेरी घ्यायचे.

पोरगी मात्र चिकाटीची. तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मेंदूत म्हणे पहारेकरी पेशी असतात. त्यांचं नाव मायक्रोग्लिया. जंतू आला तर हाकलायचा, मेलेलं काही पडलं तर झाडून काढायचं, हे त्यांचं काम. तरुणपणी त्या गपगुमान काम करतात. वय झालं की त्यांतल्या काही कायमच्या तापलेल्या राहतात आणि कचऱ्याबरोबर चांगल्या जोडण्याही कुरतडायला लागतात. उंदरांत हे दिसलंय. माणसांत किती होतं आणि विसरण्याशी त्याचा किती संबंध आहे, ते तिला शोधायचं होतं.

“म्हणजे झाडूवालाच घरातलं सामान बाहेर टाकायला लागला,” आमचे हे म्हणाले.

“अगदी बरोबर, काका!”

“मग त्यांना रिटायर का करत नाहीत? मला तर अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसवलं.”

सभागृह हसलं. मी हसले नाही. मी ह्यांच्याकडे बघत होते. माणूस विनोद करतोय याचा अर्थ तो काहीतरी लपवतोय, हा माझा अनुभव. मी सरकारी दवाखान्याच्या भांडारात बत्तीस वर्षं काढली आहेत. कापसाचा एक गठ्ठा कमी भरला तर समोरचा शिपाई आधी विनोद करतो.

आणि हे काय लपवत होते ते मला ठाऊक होतं. माझ्याकडे लेखी होतं.

निवृत्त होताना मी दवाखान्यातून एक कोरं रजिस्टर विचारून घरी आणलं होतं. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ते उघडलं आणि तीन रकाने आखले: दिनांक, तपशील, जबाबदार. त्यात मी ह्यांचं विसरणं लिहायला सुरुवात केली. किल्ली दारालाच राहिली. जबाबदार: हे. पाण्याची मोटर चालू राहिली, टाकी वाहून शेजारच्या थोरातांची मिरची भिजली. जबाबदार: हे. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. तो माझा होता, पण तिथे ठेवला कुणी? जबाबदार: हे.

मी प्रत्येक वेळी विचारायची, “अहो, हे तुम्ही केलंत?”

हे जरा थांबायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, “हो गं, मीच.”

मनुष्य कबुलीला चांगला. तेवढं मी त्यांच्या बाजूनं धरायची.

आमचे हे, म्हणजे मारुतराव शेडगे, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कराड स्टँडवर तीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारल्या. अजूनही झोपेतून उठवून विचारा, दुपारची चिपळूण किती वाजता, फलाट कुठला, सांगतील. त्याचं मला कौतुक नव्हतं. जुनं टिकतं आणि नवं गळतं, असं त्या पोरीनंच भाषणात सांगितलं होतं.

पण मे महिन्यात आमचा विक्रांत पुण्याहून आला आणि सगळं अवघड झालं. तो सकाळी दारातून आत आला तर घरभर गॅसचा वास. बटण उघडं, वर ज्योत नाही. त्यानं धावत जाऊन खिडक्या उघडल्या.

“कुणी ठेवलं हे चालू?”

“ह्यांनी,” मी म्हणाले.

“बाबा?”

हे थांबले. माझ्याकडे बघितलं. “हो रे, मीच.”

विक्रांतनं दोन दिवस विचार केला आणि जाताना निकाल दिला. मंडळाच्या त्या तपासणीचं पत्रक त्यानं भिंतीवर बघितलं होतं. “त्यात प्रत्येकाला मार्कांचा कागद देणार आहेत ना? बाबांना कमी पडले तर दिवाळीच्या आत तुम्ही दोघं आमच्याकडे. हे घर बंद.”

त्याचं घर म्हणजे अकरावा मजला. मी तिथे एकदा तेरा दिवस राहिले होते. सून मेघना गुणाची, तक्रार काही नाही. पण खाली बघितलं की माणसं मुंगीएवढी. आता मला सांगा, मुंगीएवढ्या माणसाची चप्पल कशी, साडी कुठली आणि ती कुणाशी बोलत उभी आहे, हे दिसणार कसं? मग दिवसभर करायचं काय? इथे माझ्या ओट्यावरून अख्खी गल्ली मोजता येते.

तेव्हा ठरलं. ह्यांना पास करायचं.

जूनमध्ये पहिली फेरी झाली. आम्ही बावीस जण. पोरगी एकेकाला आत बोलवी, रक्त घेई, शब्द वाचून दाखवी. मग वीस मिनिटं बाहेर बसायचं आणि पुन्हा आत. मला सोपी गेली. हे बाहेर आले तेव्हा चेहरा पडलेला होता. निकाल एकदम दोन्ही फेऱ्यांनंतर ऑगस्टमध्ये मिळणार होता.

त्याच संध्याकाळी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर गुरव सरांनी सगळ्यांना गोळा केलं.

“पेपर फुटलेला नाही, पण फोडता येईल,” सर म्हणाले. “प्रत्येकानं आठवतील तेवढे शब्द सांगा. मी यादी करतो. पुढच्या फेरीला हेच येणार. बोर्ड कधीही एवढे कष्ट घेत नाही.”

बावीस म्हाताऱ्यांनी मिळून चौदा शब्द जमवले. नारळ, छत्री, घोडा, आरसा, विहीर... पंधराव्यावरून मारामारी. थोरात म्हणे हातोडा, माने म्हणे करवत. दोघांनी एकमेकांचा मेंदू काढला, पहारेकऱ्यांसकट.

“चमचा,” हे हळूच म्हणाले. “विहीर झाल्यावर चमचा होता.”

“बरोबर! चमचा!” सगळे ओरडले.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे नदीकडे बघत होते. आंधळ्याचा लागलेला नेम, म्हणून मी सोडून दिलं. रजिस्टरला चांगल्या गोष्टींचा रकाना नव्हता.

मग दोन महिने वर्ग. रोज साडेपाच ते सहा, दत्ताच्या पाराशेजारी. सरांनी शब्दांना पाढ्याची चाल लावली. “नारळ छत्री घोडा आरसा, विहीर चमचा साबण मोर!” बावीस आवाज एका सुरात. बाजूनं जाणारी पोरं मोबाइलवर आमची चित्रं काढत. उशिरा येणाऱ्याला सर उभं करत. माने एकदा म्हणाले, “सर, गुडघा दुखतोय,” तर सर म्हणाले, “बाकावर उभे राहू नका, पण बसूही नका.”

ह्यांना मी घरीही बसवायची. हे कंटाळायचे.

“अगं, झालंय माझं पाठ.”

“पाठ झालंय म्हणून परवा मोटर चालू राहिली का?”

हे पुन्हा पहिल्यापासून म्हणत. नारळ, छत्री...

परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी शेवटची सूचना दिली, आणि तिथे घोटाळा झाला. “उद्या बाई शब्द वाचतील तेव्हा त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही. गोंधळ होतो. त्या वाचत असताना आपण मनातल्या मनात आपला पाढा चालू ठेवायचा.”

बावीस जणांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी पहिले गेले सर स्वतः. वीस मिनिटांनी पुन्हा आत गेले तेव्हा दार उघडंच राहिलं होतं. सरांनी कोटाचं बटण लावलं आणि खणखणीत आवाजात पंधराच्या पंधरा शब्द म्हणून दाखवले. पोरगी नुसती बघत राहिली. तिनं हातातला कागद उलटसुलट केला.

मग माने गेले. नारळ, छत्री, घोडा, आरसा. मग थोरात. नारळ, छत्री, घोडा, आरसा. त्यांना तर चालही आवरली नाही, ते पाढ्यासारखं गायले.

आठव्यानंतर पोरगी बाहेर आली. चेहरा लाल.

“मला एकच सांगा. मी आज वाचलेला पहिला शब्द कुणाला आठवतोय का?”

“नारळ!” सगळे एका सुरात.

“कंदील!” ती जवळजवळ ओरडली. “आज यादी वेगळी होती! कंदील, म्हैस, पायरी! तुम्ही आठ जणांनी मला जूनची यादी ऐकवलीत. एकही चूक नाही. क्रमसुद्धा तोच!”

माने म्हणाले, “म्हणजे स्मरणशक्ती उत्तमच म्हणायची की.”

पोरगी मटकन खुर्चीवर बसली. मला वाटलं रडते आता. खांदे हलत होते. बघितलं तर हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “माझी अख्खी फेरी गेली हो,” ती म्हणाली. “निदान रक्त तरी तुमचंच दिलंय ना?”

गुरव सर उभे राहिले. मान खाली. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी किती जणांना कॉपी करताना पकडलं असेल, आणि आज हे. “चूक माझी आहे, बाई. उद्या फेरपरीक्षा घ्या. तिसरी यादी काढा. पर्यवेक्षक म्हणून मी दारात उभा राहतो. कुणी ओठ हलवला तर मला सांगा.”

दुसऱ्या दिवशी सर खरोखर दारात उभे राहिले, छडी तेवढी नव्हती. माझा नंबर आधी लागला. सोपी गेली. मग ह्यांचा. मी बाहेर रजिस्टर मांडीवर घेऊन बसले. ते मी कुठेही नेत असे. मनात देवाचा धावा चालला होता: एवढी एक परीक्षा निघू दे, अकरावा मजला नको.

दार उघडलं. “काकू, जरा आत या ना,” पोरगी म्हणाली.

हे खुर्चीत बसले होते, पुकारलेली गाडी न आल्यासारखा चेहरा करून.

“काकांनी आठ सांगितले,” ती म्हणाली. “पंधरापैकी आठ.”

आठ! आता विक्रांत सामान बांधायला येणार.

“पण गंमत बघा. पहिला सांगितला, दुसरा नाही. तिसरा सांगितला, चौथा नाही. पाचवा, सातवा, नववा... एक आड एक. काकू, विसरणारा माणूस इतक्या शिस्तीत विसरत नाही. काका मुद्दाम चुकतायत.”

“मी कशाला मुद्दाम चुकू?” हे म्हणाले.

आता शहाण्या बाईनं काय करावं? गप्प बसावं. ह्यांना सगळं आठवतं, असं डॉक्टरीणच म्हणतेय, तेच तर हवं होतं. पण मी भांडारपाल. माझ्या रजिस्टरवर कुणी शंका घेतली की माझं डोकं फिरतं.

“मुद्दाम?” मी म्हणाले. “पाच महिन्यांच्या नोंदी आहेत माझ्याकडे! ह्यांना खरंच आठवत नाही.”

“अगं, राहू दे ती वही,” हे घाईनं म्हणाले.

“का राहू दे? ऐका हो बाई.” मी बोट ठेवून वाचायला लागले. “सात जुलै. किल्ली दारालाच राहिली. जबाबदार: हे. अकरा जुलै. रेशनचं कार्ड पिठाच्या डब्यात सापडलं. जबाबदार: हे.”

“चहा घेऊ या का आपण?” हे उठायला लागले.

“बसा खाली. चौदा जुलै. हे इचलकरंजीला वन्संकडे गेले. मुक्काम तीन रात्री. पंधरा जुलै. दूध गॅसवर राहिलं, पातेलं करपून काळं झालं. जबाबदार...”

बोट थांबलं.

बत्तीस वर्षं साठा मोजलेलं बोट ते. आवक आणि जावक जुळली नाही की माझ्या आधी त्याला कळतं. मी वरची ओळ वाचली. खालची वाचली. अक्षर माझंच. सतरा तारखेला हे परत आले तेव्हा मी ते काळं पातेलं ह्यांच्यापुढे आपटलं होतं, तेही आठवलं. हे पिशवी हातात घेऊनच उभे होते. थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले होते, “हो गं, मीच.”

दारात गुरव सर होते, त्यांनी पाठ फिरवली.

“पंधराला तुम्ही कुठे होता?” मी विचारलं.

“घरी,” हे म्हणाले.

“इचलकरंजीला होता.”

“मग मधेच येऊन गेलो असेन.”

“पातेलं करपवायला?”

“एसटीची सोय चांगली आहे त्या मार्गावर.”

पोरीनं तोंडावर हात धरला. मला हसू येत होतं की रडू, ते मला आजही सांगता येत नाही. मी मागची पानं उलटली. मोटर, किल्ली, फ्रिजमधला चष्मा. माझा चष्मा. सगळीकडे एकच सही, हे, हे, हे.

“आणि आज आठ का सांगितलेत?”

“सगळे सांगितले असते तर तू म्हणाली असतीस, मग गॅस कुणी ठेवला. काहीच सांगितले नसते तर विक्रांत घेऊन गेला असता. म्हटलं, मधला मार्ग काढावा.”

माझा कागद पोरीनं मग हळूच पुढे केला. पंधरापैकी सहा. शिवाय तीन शब्द मी पदरचे घातले होते. “एवढ्यावरून काही ठरत नाही, काकू,” ती म्हणाली. “थायरॉइड, जीवनसत्त्वं, सगळं आधी तपासून घ्या. दर सहा महिन्यांनी आपण बघू.” मी तिला विचारलं, ते झाडूवाले माझ्याकडे कितीसे तापलेत? ती म्हणाली, तेच तर अजून कुणाला सांगता येत नाही. खरं बोलणारी पोरगी. मला आवडली.

तपासणीत थायरॉइड निघालं आणि गोळी सुरू झाली. त्यानंतरच्या रविवारी विक्रांत आला. ह्यांनी त्याला चप्पलही काढू दिली नाही. “आठ पडले रे. नापास.”

“खोटं आहे,” मी म्हणाले. “हे पास आहेत. नापास मी.” आणि रजिस्टर त्याच्यापुढे ठेवलं. तोवर मी सगळ्या पानांवर लाल शाईनं दुरुस्त्या केल्या होत्या. जिथे जिथे ‘हे’ होतं तिथे ‘मी’, आणि बाजूला सही. दोन ठिकाणी मात्र ‘हे’ तसंच ठेवलं, कारण छत्री दोन्ही वेळा खरोखर ह्यांनीच हरवली होती.

विक्रांतनं सगळं वाचलं आणि रजिस्टर मिटलं. “मग आता तर यायलाच हवं, आई.”

तेव्हा हे उठले, घसा खाकरला आणि तीस वर्षांपूर्वीचा आवाज काढला. “प्रवाशांनी लक्ष द्यावे! सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुटणारी थायरॉइडची गोळी फलाट क्रमांक एकवर, म्हणजे ओट्यावर लागलेली आहे. साडेसातला मोटर सुरू होऊन आठला बंद होईल. गॅस, गॅस, गॅस! स्वयंपाकघर सोडण्यापूर्वी कृपया बटण तपासून घ्यावे!”

पलीकडून थोरातांनी ओरडून विचारलं, “चिपळूण गेली का हो?”

विक्रांत हसला. मग जरा डोळे पुसले. मग म्हणाला, “दिवाळीपर्यंत बघू.” दुसऱ्या दिवशी त्यानं आपोआप बंद होणारी शेगडी बसवून दिली आणि गेला.

त्या दिवाळीला नऊ वर्षं झाली. दर दिवाळीला तो म्हणतो, “पुढच्या दिवाळीपर्यंत बघू.” दिवसातून अकरा वेळा आमच्या घरात पुकारा होतो. गल्लीतल्या तिघांच्या गोळ्या त्यावर चालतात. गुरव सरांनी ‘कंदील, म्हैस, पायरी’ची यादीही पाठ करून घेतली, न जाणो. मी पूर्वीपेक्षा जास्त विसरते. नावं जातात, जेवले की नाही ते जातं. चालायचं. पण गल्लीतून कोण कुठली साडी नेसून गेलं ते माझ्याकडे रोज लिहिलेलं असतं.

ही हकीकत लिहायला मला चार दिवस लागले. आज सकाळी पूर्ण झाली तेव्हा ह्यांना वाचायला दिली. हे चष्मा लावून शेवटपर्यंत वाचत बसले. मध्ये दोनदा, पुढचं पान उलटायच्या आधीच, हे हसले. मला जरा शंका आली.

“अहो, ही गोष्ट मी आधी कधी लिहिली होती का?”

हे थांबले. माझ्याकडे बघितलं.

“छे गं. पहिल्यांदाच.”

मी रजिस्टर उघडलं आणि काळ्या शाईनं नोंद केली: हकीकत पूर्ण. पहिलीच खेप असल्याचे सांगण्यात आले. जबाबदार: हे.